प्रेरणेचा शोध: नफ्स आणि मन

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर बारामती आणि इंदापूर तालुक्यांत ऊस उभा राहिला. रमजान उन्हाळ्यात आला की याच कालव्याच्या काठी रोजा पाळणारा शेतमजूर दिवसभर राबतो. पाणी हाताशी असते, पाहणारे कोणी नसते. तरीही सूर्यास्तापर्यंत तो घोटभर पाणी घेत नाही. त्याला आवरणारी शक्ती कोणती?

अब्राहम मास्लो यांनी १९४३ साली मानवी गरजांची उतरंड मांडली. तहानभूक आधी, सुरक्षितता, आपुलकी, प्रतिष्ठा आणि आत्मविकास त्यानंतर. आपला मजूर या क्रमालाच छेद देतो. अर्थात, ध्येयासाठी सर्वस्व पणाला लावणारी माणसे या क्रमाला अपवाद ठरतात, हे मास्लो यांनाही मान्य होते.

इस्लामी विचार या प्रश्नाकडे निराळ्या बाजूने पाहतो. कुराणात 'नफ्स'च्या तीन अवस्था येतात: वाईटाकडे ओढणारा, स्वतःला दोष देणारा आणि शांत झालेला. येथे फ्रॉइड यांनी १९२३ मध्ये मांडलेल्या इदम्, अहम् आणि पराहम् या त्रयीची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु हे साम्य वरवरचे होय. फ्रॉइड यांच्या मते हा संघर्ष माणसाची कधीच पाठ सोडत नाही. नफ्स मात्र साधनेने शांतीप्रत जाऊ शकतो. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्रामा'त हेच अंतर्युद्ध मराठी ओवीत मांडले.

शिक्षकांनी विशेष ध्यानी घ्यावे असे उदाहरण इमाम गझाली यांचे आहे. बगदादच्या निजामिया विद्यापीठात ते अध्यापक होते. आपण शिकवतो ते ईश्वरासाठी नव्हे, कीर्तीसाठी, हे उमगताच त्यांची वाचा अडखळली आणि १०९५ मध्ये त्यांनी ते मानाचे पद सोडले.

एडवर्ड डेसी यांच्या १९७१ च्या प्रयोगात कोडी सोडवण्याबद्दल पैसे मिळालेल्या विद्यार्थ्यांचा, मोबदला थांबताच, त्या कोड्यांतील रस ओसरला. बाह्य बक्षीस कर्माचा गाभा पोखरते, येथवर दोघांचे एकमत आहे. पुढे वाटा वेगळ्या होतात. मानसशास्त्र विचारते, कामात तुला आनंद आहे काय? इस्लाम विचारतो, हे काम तू कोणासाठी करतोस?

पहिल्या प्रश्नाने वर्ग जिवंत होतो. दुसऱ्याने शिकवणाऱ्याची परीक्षा होते. विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिकेवर रोज बोट ठेवणाऱ्या आपण शिक्षकांनी हे दोन्ही प्रश्न आधी स्वतःला विचारावेत. कालव्याकाठच्या त्या मजुराने दुसऱ्याचे उत्तर केव्हाच दिले आहे.