एक बंदर, तीन काफिले

उल्हासनगरात पत्ता सांगायचा तर अजूनही ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर पाच’ असाच सांगतात. हा कॅम्प म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी. युद्ध संपलं, बराकी ओस पडल्या आणि फाळणीनंतर तिथं सिंधी निर्वासित आले. ८ ऑगस्ट १९४९ला राजगोपालाचारींच्या हस्ते छावणीचं उल्हासनगर झालं.

पण महायुद्धातल्याच निर्वासितांचा, त्यातही हिटलरच्या तावडीतून सुटलेल्या ज्यूंच्या कबरींचा शोध घ्यायचा, तर कल्याण-अंबरनाथ-बदलापूरचा पट्टा सोडून थेट कोल्हापूर गाठावं, असं आधी वाटतं. शहराशेजारच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहत होती. बहुतेक बायका आणि मुलं. शाळा, दवाखाना, चर्च, असं एक गावच. जे तिथंच वारले ते कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत आहेत.

ख्रिस्ती! खटकतं ते इथंच. ही माणसं १९४०-४१मध्ये स्टालिनने पूर्व पोलंडमधून मालगाड्यांत कोंबून सैबेरिया, कझाकस्तानात पाठवलेली. त्या गाड्यांत ज्यूही पुष्कळ होते. युद्धापूर्वीच्या पोलंडमध्ये दर दहा माणसांत एक ज्यू होता. मग वळिवड्यात जवळपास सगळे कॅथलिकच कसे?

माग उलटा काढत जायचं. वळिवड्याआधी कराची, कराचीआधी इराण. १९४२मध्ये जनरल अँडर्सच्या पोलिश फौजेबरोबर हे लोक कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरले. काफिला फुटला तो तिथं. ज्यू संघटनांनी तेहरानमध्ये आपली पोरकी मुलं वेगळी काढली, त्यांना पॅलेस्टाईनला न्यायचं ठरवलं. सरळ वाट इराकमधून होती. इराकने परवानगी नाकारली. मग जानेवारी १९४३मध्ये सातशेहून अधिक मुलं ‘दुनेरा’ जहाजावर चढली. (याच जहाजातून १९४०मध्ये इंग्लंडने हिटलरपासून पळून आलेल्या ज्यूंना, शत्रूदेशाचे नागरिक म्हणून, ऑस्ट्रेलियात कैदेत धाडलं होतं. इतिहासाला लाज नसते म्हणतात ती अशी.) जहाज लागलं कराचीला. तिथून पुन्हा समुद्रमार्गे सुएझ, मग रेल्वे, आणि १८ फेब्रुवारी १९४३ला मुलं पॅलेस्टाईनमधल्या अटलीतच्या छावणीत पोचली. ‘तेहरानची मुलं’ म्हणून इस्रायल त्यांना ओळखतो.

म्हणजे कोल्हापूरला आलेले पोलिश आणि पॅलेस्टाईनला गेलेली मुलं, दोघांचीही वाट कराचीवरून गेली होती.

महाराष्ट्रात जे ज्यू निर्वासित राहिले ते निराळे. जर्मनी-ऑस्ट्रियातून तिकीट काढून, जामीनदार शोधून मुंबईत उतरलेले. त्यांच्यासाठी १९३४मध्ये मुंबईत ज्यू रिलीफ असोसिएशन उभी राहिली होती. युद्ध पेटताच यांतल्या कित्येकांना जर्मन पासपोर्टपायी अहमदनगरच्या छावणीत, नाझी कैद्यांच्याच कुंपणाआड बसावं लागलं. असे युरोपीय ज्यू चिंचपोकळीच्या ज्यू दफनभूमीत विसावले आहेत. ससून घराण्याने दिलेली ही जागा मुळात बगदादी ज्यूंची.

आणि वळिवड्याच्या त्या बराकींचं काय झालं? पोलिश लोक गेले आणि तिथंही सिंधी निर्वासित आले. वळिवडे कॅम्पचं गांधीनगर झालं. आज तिथली कापडाची घाऊक बाजारपेठ सगळ्या दक्षिण महाराष्ट्राला ठाऊक आहे. सिंधी निर्वासितांपैकी हजारोंनी मायभूमी सोडली ती कराचीच्याच धक्क्यावरून. एका बंदराचा हा तिसरा काफिला.

पोलंड हे विसरलेला नाही. वॉर्सात २०१७पासून कोल्हापूरचं स्मारक आहे, २०१९मध्ये वळिवड्यातही स्मृतिस्तंभ झाला. पण कराचीत त्या वर्षांत काय दिसलं, हे सांगू शकणारी माणसं आता नव्वदीत आहेत, आणि त्यांतली काही उल्हासनगरच्या कॅम्पांमध्ये असतील. घरात असे आजी-आजोबा असतील, तर त्यांना विचारा: १९४२-४३मध्ये शहरात गोरी, परक्या भाषेत बोलणारी मुलं पाहिली होती का? उत्तर सिंधीत आलं तरी लिहून ठेवा.