झळ कुणाला, फळ कुणाला?

जुलै १९९१. देशाकडे जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन उरलं होतं. रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोनं परदेशात गहाण ठेवलं, तेव्हा कुठे ४० कोटी डॉलर हाती आले. त्याच महिन्यात रुपयाचं दोनदा अवमूल्यन झालं, आणि २४ तारखेला बहुतेक उद्योगांवरचं परवानाराज संपलं. ऑगस्टपर्यंत घाऊक महागाई १६ टक्क्यांच्या वर गेली होती.

पुढे फळ मिळालं, हे नाकारता येत नाही. तेंडुलकर समितीच्या निकषानुसार १९९३-९४ मध्ये ४५ टक्के लोक गरीब होते. २०११-१२ मध्ये २२ टक्के. पण ‘थोडी कळ सोसा’ असं सांगताना एक प्रश्न हमखास राहून जातो: कळ कोण सोसणार?

खताचंच पाहा. तेव्हाचे अर्थमंत्री मनमोहन सिंग यांनी जुलै १९९१ च्या अर्थसंकल्पात खतांच्या किमती ४० टक्क्यांनी वाढवल्या. गदारोळ झाला, वाढ ३० टक्क्यांवर आली. ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद आणि पालाशयुक्त खतं नियंत्रणमुक्त झाली, ती कडाडली. युरिया मात्र उलट स्वस्त केला. शेतकऱ्याने परवडेल तीच गोणी उचलली. नत्र-स्फुरद-पालाश वापराचं देशातलं प्रमाण एका वर्षात ५.९:२.४:१ वरून ९.५:३.२:१ वर गेलं. पीक हिरवंगार दिसलं, जमिनीचा कस मात्र बिघडत गेला. अर्धवट सुधारणेने थोड्या दिवसांची कळ टाळली नाही, ती मातीत मुरवली.

कामगारांसाठी १९९२ मध्ये राष्ट्रीय नूतनीकरण निधी उभा राहिला. नवं कौशल्य शिकवून माणसाला पुन्हा कामाला लावणं, हा त्याचा एक मुख्य हेतू. प्रत्यक्षात बहुतेक पैसा सरकारी कंपन्यांतल्या स्वेच्छानिवृत्तीवर खर्च झाला. पंचेचाळिशीत घरी बसलेल्या कामगाराला एकरकमी पैसे मिळाले, पण हाताला काम मिळालं नाही. अर्थशास्त्रातला ‘अल्पकाळ’ त्याच्या नोकरीची उरलेली सगळी वर्षं खाऊन गेला.

म्हणून सुधारणा नकोत, असं मुळीच नाही. १९९१ मध्ये हातावर हात ठेवून बसलो असतो, तर आयात थांबून सर्वांत आधी गरीबच भरडला गेला असता. मात्र सरासरी विकासदर दाखवून एकाच्या नुकसानीवर दुसऱ्याचा नफा वळता करता येत नाही. धाडसी निर्णय ज्या दिवशी जाहीर होतो, त्याच दिवशी झळ सोसणाऱ्यांची यादी आणि त्यांच्यासाठीची तरतूदही जाहीर व्हायला हवी. ते उपकार नव्हेत. सुधारणेच्या खर्चातलाच तो भाग आहे.