खेळाच्या नकाशावर मंदिर

सप्टेंबर 2016 मध्ये गुजरात उच्च न्यायालयात एका मोबाइल खेळाविरुद्ध जनहित याचिका आली. ‘पोकेमॉन गो’ या खेळात अंडी मिळतात आणि ती मिळण्याची ठिकाणे पुष्कळदा देवस्थाने असतात. त्यामुळे हिंदू व जैन भाविकांच्या भावना दुखावतात, असे याचिकेत म्हटले होते. न्यायालयाने नोटिसा काढल्या. खेळ भारतात अधिकृतपणे आला तो त्यानंतर, डिसेंबरमध्ये.

पडद्यावरील अंड्याने कोणाचे व्रत मोडत नाही, हे उघड आहे. परंतु आपल्या पेठेतील मंदिर परदेशी कंपनीच्या नकाशावर गेले कसे, हा प्रश्न त्याहून मोठा होता. या खेळात मोबाइलच्या कॅमेऱ्यातून दिसणाऱ्या खऱ्या रस्त्यावर काल्पनिक प्राणी अवतरतात आणि ते मिळविण्यासाठी प्रत्यक्ष चालावे लागते. त्यातील थांबे म्हणजे पुतळे, कारंजी, जुन्या वास्तू, देवळे. ‘नियान्टिक’ कंपनीच्या ‘इनग्रेस’ या आधीच्या खेळात अशी असंख्य स्थळे खेळाडूंनीच सुचविली होती; तीच पुढे येथे वापरली गेली. म्हणजे मंदिराचे नाव घालणारा बहुधा त्याच वस्तीतील एखादा तरुण असावा!

नाव घालता येते, तसे काढताही येते. हिरोशिमाच्या शांतता स्मारक उद्यानातील थांबे शहर प्रशासनाच्या विनंतीवरून 2016 च्या स्मृतिदिनापूर्वी हटविण्यात आले. आपल्या विश्वस्त मंडळांनाही अशी विनंती करता येते. न्यायालय ही पहिली पायरी असण्याचे कारण नाही.

जून 2017 पासून खेळात सामूहिक लढती आल्या. बलाढ्य प्राण्याला एकट्याने हरविणे अशक्य. अनेकांनी एकाच वेळी एकाच जागी जमावे लागे. जानेवारी 2018 पासून दरमहा ‘कम्युनिटी डे’ सुरू झाला. एकाच चौकात राहून परस्परांची नावे ठाऊक नसलेली माणसे या निमित्ताने समोरासमोर आली. केवळ चालण्याचा लाभ मात्र अल्पजीवी ठरला. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील 2016 च्या अमेरिकी अभ्यासात पहिल्या आठवड्यात रोजची सरासरी 955 पावले वाढली आणि सहाव्या आठवड्यापर्यंत ती वाढ ओसरली. खेळ टिकला तो सोबतीमुळे, असे मानण्यास जागा आहे. (पडद्यावर दृष्टी खिळवून चालणे आणि ईर्यासमिती यांचे मात्र जमणे कठीण.)

व्यापाऱ्याच्या नजरेतून ही गर्दी सुटली नाही. जपानमध्ये मॅकडोनल्ड्सची सुमारे 3000 उपाहारगृहे खेळातील ठिकाणे झाली. भारतात रिलायन्सची दालने झाली. लहान दुकानदारालाही थोड्या पैशात जवळच्या थांब्यावर अर्धा तास खेळाडू खेचता येत. पेढीवर बसणाऱ्याला या अर्ध्या तासाचे मोल वेगळे सांगायला नको. तरी आलेला माणूस गिऱ्हाईक होईलच असे नाही, हेही तोच जाणतो.

नवे स्थळ सुचविताना खेळाडूला छायाचित्र, नाव आणि थोडक्यात माहिती द्यावी लागते. ती अन्य खेळाडू तपासतात. खासगी घरे आणि शाळा चालत नाहीत, जुनी मंदिरे व धर्मशाळा चालू शकतात. धर्मशाळा कोणी बांधली, शिलालेखावर कोणते साल आहे, मूळनायक कोण, हे त्या चौकटीत लिहायचे तर नातवाला मोबाइल खाली ठेवून आजोबांच्या गादीपाशी जावे लागते.