फ्लॅश पडला आणि भूत गेलं

कॅलिफोर्नियातल्या डिस्नीलँडमध्ये ‘हाँटेड मॅन्शन’ नावाचा भुतांचा वाडा आहे. ऑगस्ट १९६९ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. एकीमागून एक सरकणाऱ्या काळ्या गाड्यांत बसून हा वाडा बघायचा असतो. वाटेत यजमान भुताचा आवाज पाहुण्यांना सूचना देतो. त्यातली एक अशी, की फ्लॅश वापरू नका, आम्हा भुतांना प्रखर उजेड सोसत नाही. लोक ती गंमत म्हणून ऐकतात आणि काहीजण लगेच मोबाइल काढतात. पण सूचना अक्षरशः खरी आहे. त्या वाड्यातली सगळ्यात देखणी भुतं फ्लॅशपुढे टिकत नाहीत, आणि आसपासच्या गाड्यांतल्या माणसांचे अंधाराला सरावलेले डोळे त्याच क्षणी दिपतात.

आधी भुतांचं बघू. वाड्यातल्या भव्य दिवाणखान्यात पारदर्शक भुतं नाचतात, मेजवानी झोडतात. त्यामागची युक्ती दीडशे वर्षांहून जुनी आहे. हेन्री डर्क्स या इंग्रज अभियंत्याची ही मूळ कल्पना. लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक संस्थेत जॉन हेन्री पेपर यांनी १८६२ च्या नाताळात ती रंगमंचावर आणली आणि ‘पेपर्स घोस्ट’ हे नाव कायमचं चिकटलं. प्रेक्षक आणि दृश्य यांच्यामध्ये मोठी स्वच्छ काच असते. काचेपलीकडची टेबलं-खुर्च्या खऱ्या. नाचणाऱ्या बाहुल्या मात्र प्रेक्षकाला दिसणार नाहीत अशा जागी असतात आणि दिसतं ते त्यांचं काचेतलं प्रतिबिंब. साधी काच समोरून पडलेल्या उजेडापैकी जेमतेम आठ टक्के परत पाठवते. म्हणजे भूत हे मुळातच फार मंद उजेडाचं बनलेलं असतं. मागचा काळोख जितका गडद, तितकं ते उठून दिसतं.

फ्लॅश उडाला की कॅमेरा त्या झगझगीत उजेडाच्या हिशेबाने स्वतःची संवेदनशीलता कमी करतो आणि शटर पटकन मिटतो. तेवढ्या वेळात भुताचा मंद उजेड नोंदलाच जात नाही. शिवाय अंतर दुप्पट झालं की फ्लॅशचा उजेड चौथाई उरतो, त्यामुळे लांबच्या दिवाणखान्यापर्यंत तो पोचतही नाही. फोटोत येतं काय, तर पुढच्या गाडीची पाठ, हवेतली धूळ आणि मागे नुसता काळोख.

डिस्नीलँडमधलीच ‘पीटर पॅन्स फ्लाइट’ ही १९५५ पासूनची राइड दुसऱ्या तत्त्वावर चालते. तिथे अतिनील दिवे आणि प्रतिदीप्त रंग असतात. आपल्याला न दिसणारे अतिनील किरण हे रंग शोषून घेतात आणि दिसणारा उजेड बाहेर टाकतात, म्हणून काळोखात चित्रं स्वतःच उजळल्यासारखी वाटतात. त्यांच्यावर पांढरा उजेड मारला की तो या हलक्या चमकीवर मात करतो. मग रंगवलेले तक्ते दिसतात आणि दिसू नये म्हणून काळी रंगवलेली भिंतही दिसते.

डोळ्याची गोष्ट याहून विलक्षण आहे. भर दुपारच्या उन्हात साधारण एक लाख लक्स उजेड असतो आणि पौर्णिमेच्या रात्री पाव लक्ससुद्धा मोठा म्हणायचा. डोळा दोन्हीकडे काम करतो. बाहुली दोन मिलिमीटरपासून आठपर्यंत रुंदावली तरी आत येणारा उजेड सोळापटच वाढतो. बाकी सगळा भार दृष्टिपटलावर. तिथे रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी साठ लाखांच्या आसपास असतात, तर मंद उजेडात बघणाऱ्या दंडपेशी दहा कोटींच्या घरात. दंडपेशींमध्ये रोडॉप्सिन नावाचं जांभळट रंगद्रव्य असतं. प्रकाशाचा कण आदळला की त्याच्या रेणूचा आकार बदलतो, मेंदूकडे संदेश जातो आणि तो रेणू तात्पुरता निकामी होतो. फ्रांत्स बोल या जर्मन शास्त्रज्ञाने १८७६ मध्ये बेडकाच्या दृष्टिपटलाचा रंग उजेडात उडताना पाहिला, तो याच प्रक्रियेमुळे. रेणू पुन्हा घडवायला अ जीवनसत्त्वापासून बनणारा घटक लागतो. हे कोडं उलगडण्यात मोठा वाटा असलेल्या जॉर्ज वॉल्ड यांना १९६७ च्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. अ जीवनसत्त्व कमी पडलं की रातांधळेपणा का येतो, त्याचंही उत्तर इथेच आहे.

ही पुनर्घडण घाईने होत नाही. काळोखात गेल्यावर शंकुपेशी दहाएक मिनिटांत जमेल तेवढ्या सरावतात. दंडपेशींची संवेदनशीलता मात्र अर्धा तास, कधी चाळीस मिनिटंही वाढत राहते. पूर्ण सरावलेल्या डोळ्याला मोजके पाच-दहा प्रकाशकणही जाणवू शकतात, हे १९४२ मध्ये प्रयोगाने दाखवलं गेलं. राइड तर काही मिनिटांत संपते. म्हणून प्रवेशाची वाट महत्त्वाची ठरते. हाँटेड मॅन्शनमध्ये माणूस उन्हातून दालनात, तिथून बंद खोलीत, मग अंधुक बोळात आणि शेवटी गाडीपाशी येतो. त्याच उद्यानातल्या ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’मध्ये नाव सुरुवातीला एका उपाहारगृहाजवळून जाते, तिथे चोवीस तास संध्याकाळच असते. या वाटेवर डोळा टप्प्याटप्प्याने तयार होत जातो. मला तर ही वाट राइडचाच पहिला अंक वाटते.

एका फ्लॅशने सगळं रोडॉप्सिन संपतं असं नाही. पण दृष्टिपटलाच्या ज्या भागावर झोत पडला तो काही काळ कमी संवेदनशील होतो आणि जिकडे बघावं तिकडे एक डाग तरंगत राहतो. रूळ वळणावळणाचे असतात, त्यामुळे आपला फ्लॅश समोरून येणाऱ्या गाडीतल्या लहान मुलाच्या थेट तोंडावर जाऊ शकतो. डाग विरेपर्यंत त्याच्यासमोरून एखादं अख्खं दृश्य निघून गेलेलं असतं आणि गाडी त्याच्यासाठी मागे येत नाही.

मोबाइलच्या पडद्याकडे मात्र सहसा कुणी दोष म्हणून बघत नाही. चित्रपटगृहातला पांढराशुभ्र पडदासुद्धा प्रमाणानुसार सुमारे ४८ निट्स इतका उजळ असतो. मोबाइलचा पडदा सहज ४०० च्या पुढे जातो. डोक्यावर उंच धरलेला फोन मागच्या दहा माणसांना त्या खोलीतली सर्वांत प्रखर वस्तू म्हणून दिसतो. आपल्या नाट्यगृहात तिसऱ्या घंटेनंतर दिवे मालवतात आणि तेवढ्यात पुढच्या रांगेत एक पडदा पेटतो, तेव्हा होणारी चिडचिड नाटकाच्या प्रेक्षकाला चांगली ठाऊक आहे. रंगमंचावर कसरती करणाऱ्या कलाकाराचे डोळे ऐन उडीच्या वेळी दिपले, तर प्रश्न चिडचिडीवर थांबत नाही.

कॅमेरा बंदच करावा असं माझं म्हणणं नाही. कॅमेरा आपल्याकडे येणारा उजेड घेत असतो, तोवर त्याचा कुणाला उपद्रव नाही. तो बाहेर उजेड टाकू लागला की बिघडतं. म्हणून रांगेत असतानाच फ्लॅश बंद करावा, व्हिडिओचा टॉर्च बंद आहे ना हे बघावं, फोकस साधायला पेटणारा छोटा दिवाही बंद करावा, पडदा सर्वांत मंद ठेवावा आणि फोन छातीपाशी धरावा. नाइट मोडवर फार विसंबू नये. तो बऱ्याच चित्रांची बेरीज करतो आणि त्यासाठी हात व गाडी दोन्ही स्थिर लागतात. अर्ध्या सेकंदात गाडी वीतभर तरी सरकते. त्यापेक्षा एक्स्पोजर थोडं उणे करून पटापट दहा-बारा फोटो घ्यावेत, एखादा नीट येतो. खोपोलीजवळच्या इमॅजिकातल्या अंधाऱ्या राइडमध्येही हेच उपयोगी पडेल आणि वांगणीला रात्रभर आकाशदर्शनाला जाणाऱ्यांना तर हे सांगावंच लागत नाही. तिथे टॉर्चवर लाल कागद असतो, कारण दंडपेशी लाल उजेडाला जवळपास दाद देत नाहीत.

सेल्फी स्टिकचा मुद्दा निराळा आहे. राइड आखताना बसलेल्या माणसाचा हात कुठवर पोचेल हे मोजून भिंती, खांब, पुतळे मांडलेले असतात. काठी लावली की ते माप मोडतं. डिस्नीने २०१५ मध्ये आपल्या उद्यानांत ती बंद केली, ते सुरक्षेपोटी.

अंधारात चित्रण करणाऱ्यांचं एक ऋणही मान्य करायला हवं. डिस्नीच्या फ्लोरिडातल्या उद्यानातली स्नोव्हाइटची राइड ३१ मे २०१२ रोजी कायमची बंद झाली. आज ती बघायची तर आधार उरतो तो पर्यटकांनी घेतलेल्या चित्रणाचा. त्यातलं कुठलंही चित्रण बघताना आधी रंगांकडे बघावं. प्रतिदीप्त रंग जसे चमकायचे तसे चमकत असतील, तर घेणाऱ्याने उजेड टाकलेला नाही.