स्टेपनीचं वय विचारा

पारशिवनीहून कोलितमाऱ्याकडे जंगलाच्या वाटेनं निघालात आणि चाक बसलं, तर मदतीला फक्त स्टेपनी. जुन्या बोलेरोत ती मागच्या दारावर टांगलेली असते, म्हणजे विदर्भाच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात थेट. नक्षी कोरी दिसते, म्हणून फसू नका. रबरात मिसळलेलं संरक्षक मेण टायर फिरताना, दबताना पृष्ठभागावर येतं आणि हवेतल्या ओझोनला अडवतं. न फिरणाऱ्या टायरला हे कवच नीट मिळत नाही. बाजूला बारीक भेगा पडतात. शिवाय रबरातून हवा थोडी थोडी झिरपतेच.

टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. दहा वर्षं झाली असतील, तर एकदाही न वापरलेली स्टेपनीसुद्धा बदला. नवी दारावर ठेवायची तर कव्हर घाला, हवा दोन-चार पौंड जास्तच भरा.

चाक बदलताना नट आधी जमिनीवरच सैल करायचे, मग जॅक. कसताना समोरासमोरचे, आणि शेवटचा पीळ गाडी खाली उतरवल्यावर. जॅकवरच्या गाडीखाली मात्र डोकं घालू नका.