लिस्बन शहर आणि तिथला भूकंप

(इयत्ता चौथी)

दरवर्षी ३० सप्टेंबरला परिपाठ झाल्यावर आपण सगळे दोन मिनिटं गप्प उभे राहतो. १९९३ साली त्या पहाटे आपल्या भागात भूकंप झाला, म्हणून. यंदा गुरुजी म्हणाले, "युरोपात एक राजधानीचं शहर आहे, तेसुद्धा असंच सणाला पडलं होतं." त्यांनी नकाशावर लिस्बन दाखवलं. मग मी त्यांच्याकडून पुस्तक घेतलं, त्यांच्या मोबाईलवर चित्रं पाहिली आणि ही माहिती लिहिली. पालकांनीही वाचावी.

लिस्बन ही पोर्तुगाल देशाची राजधानी. तिथले लोक तिला लिश्बोआ म्हणतात. टेजो नावाची मोठी नदी शहराला लागून वाहते आणि पुढे समुद्राला मिळते. शहर सात टेकड्यांवर वसलं आहे असं सांगतात, त्यामुळे रस्ते सगळे चढ नाहीतर उतार. त्या चढावरून पिवळी ट्राम जाते. ट्राम म्हणजे रस्त्यातच रूळ घालून त्यावर चालणारी विजेची गाडी. खालच्या गल्लीतून वरच्या गल्लीत जायला तर १९०२ साली लोखंडाची उंच लिफ्ट बांधली. घरांच्या भिंतींना बाहेरून निळ्या-पांढऱ्या चकचकीत फरश्या लावतात. आपण फरशी पायाखाली घालतो, ते भिंतीला लावतात, आणि त्यावर जहाजं, माणसं, फुलं अशी चित्रं असतात.

वास्को द गामा १४९७ साली इथूनच निघाला आणि १४९८ साली कालिकतला पोचला. त्याची समाधी लिस्बनच्या बेलें भागातल्या मोठ्या मठात आहे. जवळच नदीकाठी एक दगडी बुरूज आहे, पाचशे वर्षांपूर्वीचा. पुढे पोर्तुगीज गोव्यात राहिले ते १९६१ पर्यंत. त्यांचे काही शब्द आपल्या घरात अजून आहेत. पाव, बटाटा, चावी, अननस हे शब्द तिकडून आले. बटाटा आणि मिरचीसुद्धा त्यांनीच अमेरिकेतून जहाजात घालून आणली. हे मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मग त्याच्या आधी ठेचा कशाचा करत होते?"

खाण्याचं सांगते. मठाशेजारी एका दुकानात १८३७ सालापासून एक गोड पदार्थ करतात. पातळ पापुद्र्यांची छोटी वाटी, आत अंडं, दूध आणि साखर घालून आटवलेलं सारण, वरून भट्टीत भाजून काळे डाग पडलेले. मठातले लोक अंड्याचा पांढरा भाग कपड्यांना खळ करायला वापरत, आणि पिवळा उरायचा त्याची मिठाई करत, असं म्हणतात. तिथे मासेही फार खातात. सगळ्यात आवडता मासा कॉड. पण तो त्यांच्या समुद्रातला नाही, दूर उत्तरेच्या थंड समुद्रातून मीठ लावून वाळवून येतो. आपल्या आठवडी बाजारात सुकट येते तसाच. रात्री 'फादो' नावाची गाणी ऐकतात. ती बहुतेक दुःखाची असतात.

आता भूकंप. तारीख १ नोव्हेंबर १७५५, सकाळी साडेनऊच्या पुढे. त्या दिवशी त्यांचा सर्व संतांचा सण होता. चर्चमध्ये गर्दी होती, मेणबत्त्या लावलेल्या होत्या. काही मिनिटांत मोठे धक्के बसले आणि दगडी इमारती खाली आल्या. घरं नसलेल्या मोकळ्या जागी जावं म्हणून लोक नदीकाठी पळाले. तिथं पाणी आधी मागे हटलं, तळ उघडा पडला, आणि मग मोठ्या लाटा आल्या. मेणबत्त्यांनी आणि चुलींनी आग लागली ती पाच-सहा दिवस विझली नाही. हजारो माणसं गेली.

राजाच्या मंत्र्यानं, त्याला पुढे पोंबालचा मार्किस म्हणू लागले, शहर पुन्हा बांधलं. रस्ते सरळ आणि रुंद केले. नव्या घरांच्या भिंतीत आधी लाकडाचा पिंजरा उभा करायचा, फुलीसारखी आडवी-तिरपी लाकडं घालून, आणि मग दगड-चुना भरायचा. म्हणजे भिंत हलली तरी पडू नये. एक नमुना बांधून त्याच्याभोवती शिपायांना पाय आपटत चालवलं आणि तो टिकतो का ते पाहिलं, असं सांगतात. त्या मंत्र्यानं गावोगावी प्रश्नांचा कागदही पाठवला. धक्का किती वेळ होता? नंतर किती धक्के बसले? जमिनीला भेगा पडल्या का? झऱ्यांचं पाणी बदललं का?

तेच प्रश्न मी आजीला विचारले. आधी ती म्हणाली, "कशाला पाहिजे तुला?" मग सांगितलं.

धक्का किती वेळ? "कोण मोजतंय माय. चारच्या आत-बाहेर असंल. गणपती बुडवून आलेली माणसं नुकती निजली होती."

नंतरचे धक्के? "लई दिवस."

घर कसं पडलं? "दगडमातीच्या जाडजूड भिंती आणि वर माळवदाची ढीगभर माती. समदं अंगावर आलं. पण काही वाड्यांत खणाचे खांब तसेच उभे होते, भिंतीच तेवढ्या गेल्या."

म्हणजे लाकडाचं लिस्बनच्या लोकांना कळलं तेच आजीनं डोळ्यांनी पाहिलं होतं. माझी आत्या त्या पहाटे गेली. ती तेव्हा चौथीत होती. हा प्रश्न मी विचारला नव्हता, आजीच बोलली.

लिस्बनमध्ये एक चर्च अजून बिनछपराचं आहे, कार्मो नावाचं. कमानी उभ्या आहेत आणि वर नुसतं आभाळ. ते तसंच राखलं आहे, पाहुणे मुद्दाम बघायला जातात.

आणि राजाची गोष्ट राहिली. त्याचं नाव पहिला जोसे. त्या दिवशी तो शहराबाहेर होता म्हणून वाचला. पण नंतर त्याला दगडी भिंतींच्या घरात राहायची भीती बसली. टेकडीवर आधी तंबू ठोकले, मग लाकडाचा वाडा बांधला, आणि तो तिथेच राहिला.

माझी आजीसुद्धा घरात झोपत नाही. आमचं घर नवीन वसाहतीतलं, भिंतीत सळ्या घातलेला सिमेंटचा पट्टा आहे, बाबांनी तिला कितीदा दाखवलं. तरी ती अंगणात बाज टाकते, पावसाळ्यात पत्र्याखाली. बाबा रागावतात. मी तिला राजाची गोष्ट वाचून दाखवली तेव्हा तिनं विचारलं, "मग पुढं गेला का तो पक्क्या घरात?"

मी म्हणाले, "नाही. १७७७ साली वारला, तोवर तिथेच."

"बघ. राजा असून," आजी म्हणाली, आणि बाबांना ऐकू जाईल असं मला ते पुन्हा वाचायला लावलं.