अतिरिक्त कॉर्टिसॉलचा विकार : धोका कोणास?

बाजारात एखादा मनुष्य अंगाने भरू लागला की त्याचे बरे चालले आहे, हा समज आपल्याकडे जुना आहे. निपाणीच्या वखारीत काय किंवा बेळगावच्या रविवार पेठेत काय, गोल व लालसर चेहऱ्याचे कौतुकच होते. परंतु चेहरा गोल होत असता हातपाय बारीक होत असतील, मानेमागे चरबीचा उंचवटा येत असेल, पोटावर रुंद जांभळे पट्टे उमटत असतील आणि खाली बसलेल्यास आधाराविना उठवत नसेल, तर ते बाळसे नव्हे. तो कुशिंगचा विकार असू शकतो.

दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर अधिवृक्क नावाच्या लहान ग्रंथी असतात. त्या कॉर्टिसॉल हे संप्रेरक निर्माण करतात व मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी त्यांस हुकूम देते. पहाटेनंतर कॉर्टिसॉल सर्वांत अधिक व मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी, असा त्याचा नेम आहे. हा नेम मोडून ते दीर्घकाळ अतिरिक्त राहिले, म्हणजे रक्तदाब व मधुमेह जडतो, हाडे ठिसूळ होतात आणि साध्या जंतूंसही शरीर बळी पडते. अमेरिकन शस्त्रवैद्य हार्वे कुशिंग यांनी १९१२ साली या विकाराचे वर्णन केले व १९३२ साली पीयूषिकेतील गाठीशी त्याचा संबंध दाखविला.

अशी गाठ होणे विरळा. दहा लाख लोकांत वर्षाला दोन-तीनच रुग्ण नव्याने आढळतात. त्यांत स्त्रिया अधिक, वय बहुधा वीस ते पन्नास. काही मोजक्या घराण्यांत अशा गाठींची प्रवृत्ती आनुवंशिकही असते. याहून पुष्कळ अधिक रुग्ण औषधांमुळे होतात, आणि आम्हांस येथे विशेष लिहावयाचे आहे ते त्यांच्याविषयीच.

१९४८ साली मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीस कॉर्टिझोन दिले, तेव्हा ती थोड्याच दिवसांत चालू लागली. १९५० साली हेंच, केंडाल व राइखश्टाइन यांस नोबेल पारितोषिक मिळाले. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन ही त्याच कुळातील औषधे होत. दमा व इतर अनेक रोगांत ती प्राण वाचवितात. दोष औषधाचा नव्हे. दोष उत्पन्न होतो तो हिशेबाविना घेण्यात. आपल्या भागात तंबाखू चाळणाऱ्यांच्या नाकातोंडात धूळ जाते, खोकला व धाप लागते. वयस्करांचे गुडघे दुखतात. जुनी चिठ्ठी दाखवून गोळी आणली की दोन दिवसांत आराम पडतो, भूकही वाढते, आणि मग ती महिनोन्‌महिने चालू राहते. केवळ वनस्पतींची म्हणून विकल्या जाणाऱ्या सांधेदुखीच्या पुड्यांतही स्टेरॉइड मिसळल्याचे आपल्या देशात वेळोवेळी उघडकीस आले आहे. गजकर्णावर किंवा गोरेपणासाठी सर्रास चोळली जाणारी तीव्र मलमेही निर्दोष नाहीत. २०१८ साली अशी अनेक मलमे चिठ्ठीविना विकण्यास बंदी झाली. आपल्या संघात औषधविक्रेते आहेत. चिठ्ठीविना पाकीट न देण्याने गल्ल्यात थोडी तूट येईल, पण असा नफा आपल्या वहीत नसलेलाच बरा. दम्यासाठी ओढावयाच्या औषधात मात्र मात्रा अल्प असते. या भीतीने ते कोणी बंद करू नये.

एक गोष्ट निपाणीच्या पेठेस रुचणार नाही, तथापि ती खरी आहे. धूम्रपानाने होणाऱ्या फुप्फुसाच्या कर्करोगाचा एक प्रकार पीयूषिकेसारखेच हुकमी संप्रेरक स्वतः स्रवू लागतो आणि त्यापायी अधिवृक्क ग्रंथी बेताल होतात. विडीही धूम्रपानच होय.

भाव कोसळल्याच्या चिंतेने हा रोग होतो काय, असेही विचारले जाते. चिंतेने कॉर्टिसॉल काही काळ वाढते; तेवढ्याने हा विकार जडत नाही. अतिमद्यपानाने मात्र हुबेहूब तशी लक्षणे दिसू शकतात.

पर्युषण व दशलक्षण पर्वाच्या दृष्टीने एक इशारा आवश्यक आहे. तीन आठवड्यांहून अधिक काळ स्टेरॉइडची गोळी घेणाऱ्याच्या अधिवृक्क ग्रंथी निद्रिस्त झालेल्या असतात. उपवासासाठी त्याने गोळी एकाएकी सोडली तर रक्तदाब घसरतो, वांत्या होतात, शुद्ध हरपते, प्राणही जाऊ शकतो. गोळी सोडावयाची तर ती वैद्यांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करीत आणावी लागते, व त्यास काही आठवडे, कधी महिनेही लागतात. पर्वापूर्वीच वैद्यांस भेटावे व महाराजांसही आपली प्रकृती सांगावी. अनशन हेच एक तप नव्हे. अवमौदर्य व रसपरित्याग हीही बाह्य तपेच आहेत, आणि सोळा कारणभावनांत तप सांगितले आहे ते शक्तीप्रमाणे.

निदानासाठी वैद्य प्रथम पोटात व अंगावर काय काय औषध गेले ते विचारतात. त्यानंतर मध्यरात्रीची लाळ, चोवीस तासांची लघवी, किंवा रात्री अकराला डेक्सामेथासोनची एक मिलिग्रॅम गोळी देऊन सकाळी आठला घेतलेले रक्त तपासतात. तपासणीस जाताना घरातील सर्व गोळ्यांची पाकिटे, मलमाच्या नळ्या आणि नाव नसलेल्या पुड्यादेखील पिशवीत घालून न्याव्यात.